पदवीचं नाव आणि ५१२ बाइट

कॉम्प्युटर फॉरेन्सिक, म्हणजे संगणकातले पुरावे तपासण्याचं काम, कोणत्या पदवीने जमेल हे एका सेक्टरवरून पाहू. सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा ठरावीक तुकडा. हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर सहसा ५१२ बाइटचा असतो. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट सोळाच्या पायाच्या अंकांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो उघडला की पडद्यावर सोळा-सोळा बाइटच्या बत्तीस ओळी उमटतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. डिस्कचे विभाग एमबीआर या जुन्या पद्धतीने नोंदलेले असतील तर पहिले ४४६ बाइट मुख्यतः संगणक सुरू करणाऱ्या कोडचे. पुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबलचे, म्हणजे त्या विभागांच्या तक्त्याचे, १६ बाइटची एक अशा चार नोंदी. अगदी शेवटी ५५ आणि एए ही दोन बाइटची खूण. आता पहिल्या नोंदीतल्या नवव्या बाइटपासून चार बाइट वाचायचे. समजा तिथे ०० ०८ ०० ०० आहे. हे बाइट उलट्या क्रमाने घ्यायचे, कारण इथे संख्येचा लहान भाग आधी लिहिलेला असतो. म्हणजे ०० ०० ०८ ००, हेक्समधले ८००, आपल्या नेहमीच्या मोजणीत २०४८. पार्टिशन २०४८व्या सेक्टरला, म्हणजे नेमकं १ मेगाबाइटवर सुरू होतं. हेच चार बाइट सरळ वाचले तर उत्तर ५,२४,२८८ येतं आणि माणूस २५६ मेगाबाइटवर जाऊन तिथे नसलेलं पार्टिशन शोधत बसतो.

कॉम्प्युटर फॉरेन्सिकमध्ये करिअर करायचं तर कोणती पदवी घ्यावी, असं विचारणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना बहुतेक वेळा पदव्यांची यादी हातात मिळते. माझ्या मते आधी हा सेक्टर पाहावा. तीन-चार वर्षांनी कॉलेजातून बाहेर पडताना हे ५१२ बाइट कागद-पेन्सिल घेऊन स्वतः वाचता येतील का, आणि ते असे का वाचायचे हे समोरच्याला समजावून सांगता येईल का, हे आपण ज्या पदवीचा विचार करतो आहोत तिला विचारावं. पदवीच्या प्रमाणपत्रावर काय छापलं आहे ते त्यानंतर पाहिलं तरी चालेल.

हे काम सॉफ्टवेअर एका सेकंदात करतं, मग हाताने कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर २०११ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात चाललेल्या एका खुनाच्या खटल्यात आहे. घरातल्या संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानाला ८४ वेळा भेट दिली गेली, असं सरकारी पक्षाने मांडलं. तो आकडा एका फॉरेन्सिक सॉफ्टवेअरने दिला होता. ब्राउझरचा इतिहास मॉर्क नावाच्या एका किचकट फॉरमॅटमध्ये साठवलेला होता. हे फॉरमॅट उलगडताना सॉफ्टवेअरने एका साइटच्या भेटींचा आकडा दुसऱ्या साइटच्या नावापुढे लावला. त्या पानाला प्रत्यक्षात एकदाच भेट दिली गेली होती. त्याच इतिहासावर चालवलेल्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने वेगळंच उत्तर दिलं होतं. म्हणजे विसंगती आधीपासून समोर होती. पण मूळ फाइल उघडून, तिचा एकेक रकाना हाताने तपासून कोणतं उत्तर खरं ते साक्षीच्या आधी ठरवायला हवं होतं, ते झालं नाही. ज्युरीने ८४ हा आकडा ऐकला. आरोपी पुढे खुनाच्या आरोपातून सुटली. पण असा चुकीचा आकडा उलट दिशेनेही एखाद्याचं आयुष्य संपवू शकतो, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी मनाशी पक्कं करावं.

म्हणून पायासाठी मी कॉम्प्युटर सायन्स किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्याच बाजूने आहे. त्यातल्या काही विषयांचं या कामाशी थेट नातं आहे. ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना फाइल म्हणजे काय हे कळतं, आणि त्यातूनच पुसलेली फाइल परत का मिळते हेही कळतं. फॅट या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या, पेन ड्राइव्हवर फाइल डिलीट केली की तिच्या नोंदीचा पहिला बाइट बदलून ई५ होतो. मजकूर होता तिथेच राहतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची १०२४ बाइटची एक नोंद असते. तिची सुरुवात 'फाइल' या चार इंग्रजी अक्षरांनी होते, आणि तिच्यातला वापरात असल्याचा झेंडा डिलीट करताना ०१ चा ०० होतो. काहीशे बाइटची लहानशी फाइल असेल तर तिचा मजकूरसुद्धा या नोंदीच्याच पोटात असतो.

मोठ्या फाइलची गोष्ट आणखी रंजक. समजा फाइल ५००० बाइटची आहे आणि डिस्क ४०९६ बाइटच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे आठ-आठ सेक्टरच्या गठ्ठ्यांत, जागा वाटते. फाइलला दोन क्लस्टर मिळतात, एकूण ८१९२ बाइट. ५००० बाइट दहाव्या सेक्टरच्या मध्ये कुठेतरी संपतात. त्या सेक्टरचे उरलेले १२० बाइट आजच्या सिस्टिम शून्यांनी भरतात. पण त्यापुढचे पूर्ण सहा सेक्टर, म्हणजे ३०७२ बाइट, बहुतेक वेळा जसेच्या तसे राहतात. तिथे आधी जी फाइल होती तिचं शेपूट तिथेच पडून असतं. एखाद्या पत्राचा अर्धा परिच्छेद तिथे सापडू शकतो. ज्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडला आहे, त्याला 'स्लॅक स्पेस' या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

डेटाबेसचा विषयही असाच. फोनमधली असंख्य ॲप्स आपला डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. पुसलेला संदेश मोकळ्या झालेल्या पानात किंवा नवे बदल आधी लिहून ठेवणाऱ्या शेजारच्या वॉल (WAL) फाइलमध्ये राहू शकतो. डेटाबेस शिकताना फक्त क्वेरी लिहायला शिकवलं असेल तर ही जागा दिसतच नाही. नेटवर्क, संगणकाची अंतर्गत रचना, सी आणि पायथॉन या दोन भाषा आणि संख्याशास्त्र हे बाकीचे आधार. संख्याशास्त्राला लोक नाक मुरडतात. पण 'हे योगायोगाने घडू शकेल का' हा प्रश्न वकील विचारणारच.

या पदवीत कमी पडते ती कायद्याची आणि लिहिण्या-बोलण्याची बाजू. पुरावा कशाला म्हणतात, जप्ती कुणाच्या परवानगीने होते, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की त्याची नोंद कशी ठेवायची, हे तिथे कुणी शिकवत नाही. म्हणून ऐच्छिक विषय निवडताना कायदा, गुन्हेशास्त्र आणि तांत्रिक लेखन यांतले दोन-तीन तरी घ्यावेत. कायदा देशागणिक बदलतो. आपण जिथे काम करणार तिथलाच पुराव्याचा कायदा शिकावा.

'डिजिटल फॉरेन्सिक' हेच नाव असलेल्या पदव्याही आता मिळतात. त्यांतल्या काही उत्तम आहेत, काहींत चार सॉफ्टवेअरची बटणं शिकवून पदवी देतात. फरक ओळखायचा तर माहितीपत्रक बाजूला ठेवून सत्रवार विषयसूची मागवावी आणि पहिली दोन वर्षं पाहावीत. तिथे प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क पूर्ण ताकदीने असतील तर अभ्यासक्रम भक्कम आहे. पहिल्या सत्रापासूनच एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं नाव विषयाच्या शीर्षकात दिसलं तर सावध व्हावं. सॉफ्टवेअर बदलतं, विकलं जातं, नव्या मालकाकडे जातं. एनकेस आणि एफटीके ही या क्षेत्रातली दोन जुनी नावं, दोन्ही ज्या कंपन्यांनी वाढवली त्यांच्याकडून पुढे दुसऱ्यांकडे गेली.

सायबर सिक्युरिटीची पदवी मुख्यतः हल्ला रोखायला शिकवते. कंपन्यांमध्ये घुसखोरी झाल्यावर धावून जाणाऱ्या चमूत काम करायचं असेल तर ती चांगली. मात्र तिच्यात फाइल सिस्टिम किती खोलवर शिकवतात ते बघावं, बऱ्याच ठिकाणी तो भाग एका तासात उरकतात. फॉरेन्सिक सायन्सची पदवी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रावर उभी असते, संगणक तिथे एक-दोन पेपरपुरता. तरीही पुराव्याची हाताळणी, प्रयोगशाळेची शिस्त आणि साक्ष या गोष्टी तिथे जितक्या नीट शिकवतात तितक्या दुसरीकडे क्वचितच. ज्यांनी ती घेतली आहे त्यांनी पदव्युत्तर शिक्षण संगणकाचं घ्यावं, आणि संगणकाची पदवी असलेल्यांनी फॉरेन्सिकचं. हिशेबतपासणी किंवा कायद्याच्या पदवीवरूनही लोक इथे येतात. आर्थिक गुन्ह्यांत आणि कंपन्यांच्या दाव्यांसाठी लाखो ईमेल चाळण्याच्या कामात त्यांना मान आहे. डिस्कच्या पोटात शिरायचं तर मात्र त्यांना मधली वाट स्वतः भरून काढावी लागते.

कॉलेज पाहायला गेलात तर प्रयोगशाळेत थोडा वेळ काढा. राइट ब्लॉकर आहे का ते विचारा. डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून मध्ये लावायची ही छोटी पेटी. ती न लावता डिस्क विंडोजला जोडली की सिस्टिम स्वतःहून काही ना काही लिहिते, आणि पुरावा तुमच्या हाताने बदलतो. पेटी कपाटात नवी कोरी दिसली तर विद्यार्थ्यांच्या हाती ती जात नाही हे समजून घ्या. मग प्रात्यक्षिकाचा तास किती वेळाचा आहे ते विचारा. १ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने वाचली तर तिची इमेज, म्हणजे बाइटन्‌बाइट प्रत, घ्यायला १०,००० सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडं जास्त. पडताळणीसाठी पुन्हा जवळपास तेवढाच वेळ. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात हे बसत नाही, म्हणून ४ किंवा ८ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर शिकवतात. शिकायला तेवढं पुरतं, पण पदवीच्या काळात एकदा तरी अख्ख्या डिस्कची इमेज घेतलेली असावी. मध्येच एक खराब सेक्टर लागतो, वेग एकदम पडतो, किंवा साडेचार तासांनी लक्षात येतं की ज्या डिस्कवर साठवतोय तिथली जागा संपत आली आहे. अशा वेळी काय करायचं आणि नोंदवहीत काय लिहायचं, हे प्रत्यक्ष अडकल्याशिवाय कळत नाही.

इमेज घेतली की हॅश काढतात, म्हणजे सगळ्या बाइटवरून गणिताने काढलेला जणू अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ हेक्स अंकांची एक ओळ मिळते. मूळ डिस्क आणि प्रत, दोन्हींची ओळ जुळली की प्रत तंतोतंत आहे. एक बिट बदलला तरी सगळी ओळ वेगळी येते. एमडी५ आणि एसएचए-१ या हॅशच्या जुन्या पद्धती. एमडी५ची टक्कर २००४ साली आणि एसएचए-१ची २०१७ साली प्रत्यक्ष करून दाखवली गेली, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येईल अशी जोडी बनवता आली. तरी अनेक प्रयोगशाळा अजूनही एमडी५ लिहितात, सोबत दुसरा हॅश ठेवून. चांगला शिक्षक इथे थांबतो. टक्कर मुद्दाम घडवणं आणि दुसऱ्याच्या आधीपासून असलेल्या फाइलचा हॅश बरोबर गाठणं यात फरक काय, हे तो फळ्यावर मांडतो. उलटतपासणीत हा प्रश्न येतो.

अभ्यासक्रम किती जुना आहे हे ओळखायचं असेल तर एसएसडीविषयी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कविषयी, विचारा. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर खरं असलेलं बरंच काही एसएसडीवर खरं राहत नाही. फाइल डिलीट झाली की सिस्टिम 'ही जागा आता नको' असं सांगणारी ट्रिम आज्ञा पाठवते आणि त्या जागेचा मजकूर लवकरच हाती लागेनासा होतो. शिवाय डिस्कचा स्वतःचा कंट्रोलर आतल्या आत साफसफाई करत असतो, राइट ब्लॉकर लावला तरी. त्यामुळे त्याच एसएसडीचा हॅश सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा येऊ शकतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो एक तर घाबरतो किंवा सहकाऱ्यावर संशय घेतो. त्याचप्रमाणे चालू संगणक सापडला की प्लग ओढायचा, ही जुनी शिकवणही आता तशीच चालत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्ली रॅममध्ये असते आणि वीज गेली की तीही जाते. सगळ्यात आधी नाहीसं होणारं आधी गोळा करावं, हा क्रम २००२च्या आरएफसी ३२२७ या मार्गदर्शक दस्तऐवजात लिहिलेला आहे. रॅमचं विश्लेषण, फोन आणि क्लाउड हे विषय सूचीत नसतील तर ती सूची मागे राहिली आहे.

वेळेच्या नोंदींवर मला थोडं जास्त बोलावंसं वाटतं, कारण नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. विंडोज १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. मॅक आणि आयफोनवरच्या अनेक नोंदी १ जानेवारी २००१ पासून. या शेवटच्या नोंदीला युनिक्सची समजून वाचलं तर तारीख ३१ वर्षं मागे जाते आणि २०२४चा संदेश १९९३चा दिसतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. टाइम झोनची भरत नाही. एनटीएफएस जागतिक प्रमाणवेळ लिहितं, जुनी फॅट पद्धत संगणकाची स्थानिक वेळ लिहिते, तीही बदलाच्या वेळेबाबत दोन सेकंदांच्या पट्टीने. दोन्ही एकाच तक्त्यात मांडल्या की काही तासांचा फरक गुपचूप शिरतो, आणि जो माणूस त्या वेळी तिथे नव्हताच तो तिथे होता असं दिसू लागतं.

आणखी एक. विंडोजमध्ये फाइल दुसरीकडे कॉपी केली की नव्या प्रतीची निर्मितीची वेळ ही कॉपी केल्याची वेळ होते, पण शेवटच्या बदलाची वेळ जुनीच सोबत येते. म्हणजे फाइल जन्मण्याआधीच बदललेली दिसते. नवा तपासनीस लगेच 'वेळेशी छेडछाड' असं लिहून मोकळा होतो. खरं तर ही रोजची, निष्पाप गोष्ट आहे. छेडछाड पाहायची तर एनटीएफएसच्या त्याच १०२४ बाइटच्या नोंदीत वेळांचा दुसरा संच असतो, फाइलच्या नावासोबतचा. तो वापरकर्त्याच्या नेहमीच्या साधनांना सहज बदलता येत नाही. दोन्ही संच शेजारी ठेवून वाचायचे, आणि तरीही एकट्या त्या विसंगतीवर निष्कर्ष काढायचा नाही.

अहवाल लिहिणं हा पदवीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. 'आरोपीने ही फाइल उघडली' हे वाक्य सोपं आणि धोक्याचं. संगणक माणसाला ओळखत नाही, खात्याला ओळखतो. लिहायचं असं: अमुक वापरकर्ता खात्याच्या रिसेंट फोल्डरमध्ये या फाइलकडे नेणारी एलएनके (शॉर्टकट) फाइल आहे, तिच्यात अमुक वेळ नोंदलेली आहे, आणि अशी फाइल सर्वसाधारणपणे त्या खात्यातून मूळ फाइल उघडली गेल्यावर तयार होते. २००५ साली अमेरिकेत बीटीके नावाने दहशत पसरवणारा खुनी पकडला गेला तो त्याने पाठवलेल्या फ्लॉपीमुळे. तिच्यातल्या पुसलेल्या वर्ड फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलविषयीच्या आतल्या नोंदींत, एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' हे नाव होतं. ती कथा सगळे सांगतात. त्यापुढचा भागही सांगायला हवा: फ्लॉपीने दिशा दाखवली, तो माणूस तोच आहे याला बळकटी डीएनएने दिली. कॉलेजात अहवाल लिहून घेतात का, तो तांत्रिक जाण नसलेल्या माणसाकडून वाचून घेतात का, आणि खोट्या न्यायालयात उभं करून विद्यार्थ्याची उलटतपासणी घेतात का, हे नक्की विचारावं.

प्रमाणपत्रं पदवीनंतर. जीसीएफई, जीसीएफए, सीएफसीई यांना मान आहे, आणि नोकरी लागल्यावर अनेकदा कंपनी किंवा खातं त्यांचा खर्च करतं. पहिल्या वर्षापासून मात्र फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर हात बसवता येतो. डिस्कसाठी ऑटॉप्सी आणि स्ल्यूथ किट, रॅमसाठी व्होलॅटिलिटी, ही मुक्त साधनं आहेत. सरावासाठी डिस्क इमेज हव्या असतील तर अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा सीएफआरईडीएस संग्रह आणि डिजिटल कॉर्पोरा आहे. मित्राचा जुना फोन मागून त्यावर हात साफ करू नये. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये 'बघू तर जमतं का' म्हणून शिरलेल्या विद्यार्थ्याला पुढे पार्श्वभूमी तपासणीत ते भोवतं, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याच्या प्रामाणिकपणावर पहिला घाव तिथेच पडतो.

आणि एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत बालकांवरच्या अत्याचाराची चित्रं आणि व्हिडिओ पाहावे लागतात, तेही पुन्हा पुन्हा, मोजून, वर्गवारी करत. ओळखीच्या फाइली हॅशवरून आपोआप बाजूला काढता येतात, त्यामुळे भार थोडा हलका होतो, पण नवं साहित्य कुणाला तरी पाहावंच लागतं. याविषयी वर्गात मोकळेपणाने बोलणारे शिक्षक असतील तर ते कॉलेज विद्यार्थ्यांची खरी काळजी घेतं. ज्यांना हे झेपणार नाही असं वाटतं त्यांनी कंपन्यांमधली घुसखोरीची चौकशी, दिवाणी दावे किंवा साधनं बनवण्याचं काम निवडावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना एखाद्या ॲपचा किंवा ब्राउझरचा एकच फॉरमॅट घ्यावा. नव्या फोनवर किंवा आभासी मशीनवर स्वतः ठरवून ५० क्रिया कराव्यात आणि प्रत्येक क्रियेची वेळ घड्याळ बघून वहीत लिहावी. मग त्या फॉरमॅटचा पार्सर, म्हणजे तो उलगडून वाचणारा प्रोग्रॅम, पायथॉनमध्ये स्वतः लिहावा, तीच इमेज दोन तयार साधनांतून काढावी, आणि चार रकाने शेजारी मांडावेत: वही, आपला पार्सर, पहिलं साधन, दुसरं साधन. कुठल्या तरी ओळीत एक आकडा जुळणार नाही. हेक्स एडिटर उघडून त्या ओळीपाशी बसावं.